गप्प डबा

निमकरकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारत, "कसला वास येतोय?" त्यांना स्वतःला वास येत नसे. "बटाटेवड्यांचा!" असं कुणी सांगितलं तरी ते आत जाऊन शेगडीची बटणं तपासून येत. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींत हा चेष्टेचा विषय होता. मीही हसायचे.

२००७ साली मी ह्यूस्टनला पीएचडी करत होते. हवाई बेटांवरच्या ज्वालामुखीचा विषारी वायू मोजणारी स्वस्तातली यंत्रं आम्हाला डोंगरउतारावर जागोजाग ठेवायची होती. काका रिफायनरीतले निवृत्त इंजिनिअर, म्हणून त्यांना गळ घातली. त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत सेन्सर झकास बसवून दिले. वाद पेटला तो रंगावरून. पायथ्याच्या शाळेतल्या स्क्रीनवर डबा हिरवा दिसला तर ठीक, लाल दिसला तर मुलांना वर्गात घेऊन दारं-खिडक्या बंद करायच्या. पण एखाद्या डब्याकडून काहीच आलं नाही तर? मी म्हटलं, करडा.

"लाल," काका म्हणाले.

"काका, बहुतेक वेळा बॅटरी डाउन असते. शाळा उगाच पॅनिक होईल."

"होऊ दे! डबा गप्प झाला की आधी धोका समजायचा. बॅटरी मग चेक कर."

हा हट्टीपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते स्क्रू पिळता पिळता सांगू लागले.

"प्लांटमध्ये सडक्या अंड्यांचा वास येत होता. एकदम थांबला. आम्हाला वाटलं, लीक बंद झाला. वायू वाढला की नाकच मरतं, हे वाचलेलं होतं गं मी. तरी माझ्या हाताखालच्या सुधीरला म्हटलं, जा आत."

सुधीर परत आला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. फार वाईट वाटलं. मी रंग लाल केला.

पुढच्या वर्षी डोंगर खवळला. एक डबा गप्प झाला, शाळेनं मुलांना आत घेतलं आणि निघाली ती बॅटरीच. आमचे प्राध्यापक वैतागले. मी काकांना फोन केला.

"मुलं आत होती ना?"

"हो."

"मग झालं तर."

काकू गेल्यापासून काका एकटेच राहत. शनिवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. एका शनिवारी तो आला नाही, माझाही त्यांनी उचलला नाही.

"यार, बॅटरी डाउन असेल," माझी रूममेट म्हणाली.

मी गाडी काढली. शेजाऱ्यांकडच्या किल्लीनं दार उघडलं. काका खुर्चीत बसलेले होते, हात गार पडले होते. फोन शेजारच्या टेबलावरच होता. त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती.