अडवून ठेवलेला नैवेद्य

तुर्भ्याचा कारखाना बंद पडून मुलाची नोकरी गेली, तेव्हा कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांतले सगळे कुटुंब रेशनच्या धान्यावर आले. मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवले होते; निवृत्तीनंतर आसपासच्या घरांत पूजा सांगत असे. त्या दक्षिणेत दूध आणि भाजी कशीबशी निघे. भात मात्र रेशनकार्डावरच शिजायचा.

आणि दुकानदार सांगायचा, "काका, वरूनच माल नाही आला. पुढच्या आठवड्यात बघू."

तो पुढचा आठवडा काही केल्या उजाडत नव्हता. सूनबाई अंगावर पाजणारी. तिने त्या दिवसांत सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. एका शनिवारीही "आज माझा उपास आहे" म्हणून तिने ताट सारले, तेव्हा माझी पत्नी कडाडली, "अहो, पोथ्या वाचता ना तुम्ही? पाजणाऱ्या बाईला उपास कुठल्या पोथीत सांगितलाय? भात पुरत नाही म्हणून उपाशी राहतेय ती."

सूनबाई मान खाली घालून बाळाला थोपटत राहिली. 'व्रत' हा शब्द मी जन्मभर आदराने उच्चारला आहे. भुकेने त्याच्या आड लपावे, याचा मला तेव्हा आलेला संताप आजही ओसरलेला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच दुकानदाराने मला सत्यनारायणाला बोलावले. पूजा दुकानाच्या मागच्या खोलीत मांडली होती. पुढे फळीपाशी बाया नेहमीसारख्या रिकाम्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पूजा निम्म्यावर आली आणि अक्षता संपल्या. दुकानदाराने भक्तिभावाने, जराही न संकोचता, भिंतीकडची ताडपत्री वर केली आणि ओंजळभर तांदूळ काढून दिले. ताडपत्रीखाली तांदळाची आणि साखरेची पोती रचलेली होती. त्यांवरचे सरकारी शिक्के मला बसल्या जागेवरून वाचता येत होते.

तेवढ्यात रांगेतून एक आगरी बाई ओरडली, "शेठ, तांदूल कवा देनार हाय?"

"माल नाय आला, मावशी! प्रसाद घेऊन जा."

"परसादानं पोरांचा पोट भरतं का रं? देवाला बरा गावतं तुज्या दुकानान, आमालाच कसा नाय गावत?"

बाया हसल्या. दुकानदारही हसला. त्याच्या आईने शिऱ्याची वाटी चौरंगापुढे ठेवली. मी हातातली पळी खाली ठेवली.

"नैवेद्य स्वतःच्या वस्तूचा दाखवायचा असतो," मी म्हणालो. "ही साखर बाहेरच्या त्या बायांची आहे. आधी त्यांना धान्य मापून द्या."

त्याने आवाज खाली आणला. "गुरुजी, कशाला टेन्शन देता? उद्या वाटतो सगळं. तुमच्या घरी एक पोतं पोचवतो ना. पूजा उरका."

"मी उरकणार नाही, आणि उठणारही नाही."

पूजा अर्धी राहणे म्हणजे घरावर संकट, हे भय त्याच्या आईच्या चेहऱ्यावर उतरले. "अरे मेल्या, देव ताटकळलाय," ती त्याच्यावर खेकसली. "दे त्यांचं त्यांना!"

मग तराजू हलू लागला. मी समईत तेल घालीत बसून राहिलो. शेवटची पिशवी भरल्यावर नैवेद्य दाखवला. मंत्र म्हणताना माझा आवाज रागाने कापत होता. मंत्रांची अशी विटंबना माझ्या तोंडून कधी झाली नव्हती. दक्षिणा मी घेतली, ती कष्टाची होती. पोते नाकारले आणि कार्ड पुढे करून वाट्याचे तेवढेच धान्य आणले. त्या रात्री सूनबाईने दोनदा भात वाढून घेतला. शासनाने कार्डावर लिहून दिलेले अन्न घरी यावे म्हणून मला देवाचे ताट अडवावे लागले होते.

पुढच्या महिन्यात फळीवरून तेच उत्तर आले. आता अडवायला माझ्या हाती कोणतीच पूजा नव्हती. त्या दुकानाने दुसरे गुरुजी शोधले होते.

सोमवारी सूनबाईने पुन्हा ताट सारले. मी ते उचलून तिच्यापुढे ठेवले आणि त्यात माझ्या ताटातला भात ओतला.

"जेव," मी म्हणालो. "या घरातले उपास यापुढे मी करीन." हे शब्द इतक्या मोठ्याने बाहेर पडले की बाळ दचकून रडू लागले.