मामांची मस्कत

माझ्या मामांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की साक्षात ब्रह्मदेवानंही मध्ये पडू नये. बाकी आमचं घराणं कच खाणारं. मी तर दाढी करताना साबण डोळ्यांत गेला, तर उरलेली अर्धी दाढी उद्यावर टाकणारा माणूस! मामा कोर्टात कारकून. त्यांना कामठीच्या छावणीतल्या एका पाद्रीबुवांनी द्राक्षवेलीची काडी दिली. हिच्या फळांची गोड वाइन होते, हिला मस्कत म्हणतात, आणि हे नाव कस्तुरीसारख्या वासावरून पडलं, असंही सांगितलं. झालं! धरमपेठेतल्या अंगणात काडी लागली. शेजारचे भूगोलाचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, "अहो, मस्कत हे अरबस्तानातलं बंदर. त्यावरून नाव. नकाशात दाखवतो."

"नकाशाले वास येते काय, मास्तर?" मामा म्हणाले. "वेलीले फळ येऊ द्या. नाकानंच निकाल लागू द्या."

आता ज्या नाकानं निकाल लागायचा, त्यात जन्मभराची तपकीर भरलेली. मामांनी त्याच दिवशी डबी मामींच्या हवाली केली. उन्हाळ्यात वेलीनं मान टाकली, तशी दारावरची पाणी मारलेली खसची ताटी काढून तिच्या पुढ्यात उभी केली.

"मले अन् या भाच्याले काय भट्टीत भाजता?" मामी कडाडल्या.

"आपल्याले घर आहे वं. तिले कोण आहे?"

पुढे एका उन्हाळ्यात पहिला घड धरला. मास्तर लगेच म्हणाले, "वास येईल तो खसचा!" मामांनी तत्क्षणी ताटी हटवली आणि रजा काढून स्वतः छत्री धरून वेलीपाशी उभे राहिले.

घड पिकून पिवळसर झाला. मामांनी तो तोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मास्तर कुंपणाशी हजर होतेच. मामांनी पुन्हा श्वास ओढला. पुन्हा एकदा. मग कुणाकडेही न पाहता घड मामींपुढे धरला.

"मले काहीच नाही येऊन राहिलं. तू पाह्य बरं."

मास्तर तोंड उघडणार, तोच मामी म्हणाल्या, "कस्तुरीच आहे. माझी आई बाळाच्या मात्रेत उगाळायची, तीच." मास्तर घरात गेले. घड मीही हुंगला, पण मला तेव्हा सर्दी होती. माझी साक्ष कुणी धरू नये.

मामा पायरीवर बसले.

"अजून सांग ना वं," ते हळूच म्हणाले. "पहिले कसा येते? मंग कसा?"

आणि एरवी मामांशी सरळ चार शब्द न बोलणाऱ्या मामी, पदरानं त्यांना वारा घालत, ऊन उतरेपर्यंत तो वास सांगत बसल्या.