घाटाच्या पायथ्याशी भरलेली ओटी

या गं पोरींनो, अशा लांब काय बसल्या? सरका जवळ. तुम्हाला फोटो पाहायचा, अंगठा दाखवायचा आणि पुढे सरकायचं एवढंच येतं. पोटाला नारळ बांधून सायकल चालवणाऱ्या माझ्या सुनेचा फोटो साऱ्या नात्यागोत्यात फिरला, पण ‘काकू, असं झालं तरी कसं?’ म्हणून एकीनं विचारलं नाही. तर ऐका. डोंगरातली सायकलची शर्यत मी आणि माझ्या विहिणीनं भर रस्त्यात थांबवली.

माझी सून जयश्री शाळेत खेळाची बाई आहे. तळोद्याहून निघायचं, सातपुड्याचा घाट चढायचा, धडगावकडून जंगलातल्या वाटांनी फिरून पुन्हा तळोद्याला यायचं, अशी ती शर्यत. घाटमाथ्यावर एक गेट असतं. ठरल्या वेळेत तिथं पोहोचलं तर पुढे, नाही तर सायकलसकट टेम्पोत! आदल्या वर्षी जयश्री टेम्पोतून परत आली होती. शाळेच्या पोरी हार घेऊन उभ्या आणि बाई टेम्पोच्या फळीवर! यंदा काही झालं तरी गेट गाठायचंच, असं तिनं पोरींना सांगून ठेवलं होतं. नंबराचं तिला काही नव्हतं. गेट म्हणजे गेट.

शर्यतीचा रस्ता तिच्या माहेरावरून जातो, हे मी मोठ्या तोऱ्यात विहिणीला फोन करून कळवलं. (जयश्रीनं कळवलं नव्हतं. का कळवलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.)

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको पहाटेच तिच्या माहेरी पोहोचलो. माझा विचार साधा होता. ओट्यावर बसायचं, सून दिसली की हात हलवायचा. पण आमची याहीन (आमच्याकडे विहिणीला याहीन म्हणतात) आधीच रस्त्यात पाट मांडून उभी! ताटात कुंकू, तांदूळ, खण, नारळ. मागे सारी गल्ली.

मी म्हटलं, “याहीनबाई, हे काय?”

“काय म्हंजे? मन्ही पोर दारवरथून जाई आन् रिकाम्या ओटीनी जाई? लोके काय म्हंतीन?”

आता शहाण्या बाईनं इथं अडवलं असतं. मी म्हटलं, “बरोबर शे. पण नारळ लहान दिखस!”

झालं! तिचं तोंड उतरलं, माझं उजळलं. मी यांना दुकानात पिटाळलं आणि सासरकडून दुसरा नारळ मागवला. चांगला डोक्याएवढा. माहेरचा एक आणि सासरचा नाही, असं कधी झालंय का?

तेवढ्यात जयश्री आली. लाल हेल्मेट, घामानं निथळलेली, गोळीसारखी! आम्हाला पाहून ती दुरूनच ओरडली, “आई, सरका! मम्मी, बाजूले व्हय!” (आई म्हणजे मी, मम्मी म्हणजे याहीन.)

आम्ही सरकलो. एकमेकींकडे. पाटाच्या दोन्ही बाजूंनी.

ब्रेकचा असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले.

“आई, गेट बंद होईल हो!”

“पाच मिनिटं. बस पाटावर.”

“उभ्यानं भरा!”

“उभ्यानं कोन भरस व? बठ खाले,” याहीन म्हणाली. मग तिला आठवण झाली, “डोकावर पदर ले.”

पदर कुठून आणायचा? अंगाला चिकटलेली ती काळी चड्डी! गल्लीतल्या बायका विचारात पडल्या. शेवटी याहीननंच निकाल दिला, “हेल्मेट शे ना? डोकं झाकायनं. चाली!”

ओटी घ्यायलाही पदर नव्हता. यांच्या गळ्यातला गमछा काढला, तिच्या पोटाला बांधला. तेवढ्यात शर्यतीचा एक माणूस शिट्टी फुंकत धावत आला.

“ताई, बाहेरची मदत घेता येत नाही! बाद व्हाल!”

जयश्रीचा चेहरा पांढरा पडला. पण माझं तोंड थांबेल तर शपथ. “मदत कोणती रे भाऊ? दोन नारळ घेऊन घाट चढायचाय तिला. ही मदत शे का ओझं?”

तो बिचारा विचारात पडला. ओझ्याबद्दल नियमात काही नव्हतं. “बरं, पण वाटेत टाकायचं नाही काही. कचरा टाकला की बाद!”

“ओटी कोन टाकस रे?” सारी गल्ली त्याच्यावर तुटून पडली.

जयश्री निघाली. पोटाशी दोन नारळ, कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत. फोटो तेव्हाचाच. मला वाटलं, संपलं. पण मागून पुण्या-नाशिकच्या पोरी येत होत्या, आणि सवाष्ण दारावरून तशीच कशी जाऊ द्यायची? ‘काकू, प्लीज!’ ‘अगं, कुंकू तर लाव!’ असं सुरू झालं. एकीला लावलं, दुसरीला लावलं, तिसरीला याहीननं हेल्मेटसकट धरलं तर खालून दाढी निघाली. “मावशी, मी पुरुष आहे!” तो म्हणाला. बोट कपाळापर्यंत पोहोचलंच होतं. लावून टाकलं.

मग मात्र माझा जीव खाली-वर होऊ लागला. गेट चुकलं तर माझ्या नारळानं चुकणार. यांना म्हटलं, “जीप काढा. गेटवाल्याला बोलण्यात गुंतवू.” याहीननं जावयासाठी ठेवलेली टॉवेल-टोपी उचलली, दोघी जीपमध्ये. घाटात सायकलवाल्यांच्या मागे जीप मुंगीसारखी. हॉर्न मारून मारून यांचा अंगठा दुखला.

गेटवर पोहोचलो. मी उतरले ती थेट टॉवेल उलगडतच. “भाऊ, तुमचा सत्कार करायचाय. जरा निवांत होऊ द्या. पोटाला नारळ बांधलेली एक येणार आहे...”

“ती? ती केव्हाच गेली, काकू.”

“गेली? वेळेत?”

“वेळेच्या पुष्कळ आधी. जाताना म्हणाली, मागून जीपमध्ये माझी आई आणि सासू येतील. काही झालं तरी त्यांना इथून पुढे सोडू नका.”

आणि त्या भल्या माणसानं दोरी आमच्यापुढे आडवी बांधली! सून गेटातून पार, आणि टेम्पोच्या बाजूला आम्ही. शेवटचा सायकलवाला जाईपर्यंत याहीन आणि मी एकाच दगडावर बसलो. टोपी यांनी घातली, ऊन होतं.

संध्याकाळी जयश्री हार घालून घरी आली. मी म्हटलं, “बघ, ओटीचा गुण! यंदा कशी पळालीस.”

“आई,” ती म्हणाली, “घाटात मागून जीपचा हॉर्न वाजला की मला वाटायचं, तिसरा नारळ आला.”

आता ती नव्या शर्यतीत नाव देताना चढ किती, उतार किती, पाहत नाही. वाटेत आपलं कोण राहतं, तेवढं पाहते. पुढची शर्यत तिनं पार कोकणातली धरली आहे. (तिथंही आमची एक चुलत नणंद आहे, पण मी बोलले नाही. अजून तरी.)

तेव्हा पोरींनो, भेटीला या लवकर, दिवाळीची वाट पाहू नका. पण येताना सावकाश या. मी दारातच उभी असते, फक्त हल्ली थोडी पुढे, रस्त्यातच उभी राहते.