उचकापाचक

महेश्वर सरांना इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगायची भारी हौस. सोलापुरातल्या एका साध्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. मुलांवर आवाज चढवायचा म्हटलं की कानकोंडे होणारे सर, शब्द कुठून आला हे सांगताना मात्र खुलायचे. 'रमेज' हा त्यातला विशेष आवडता.

"रमेज म्हणजे उचकापाचक," ते सांगत. "पण मुळातला अर्थ अगदी उलटा. फ्रेंच खलाशी जहाजाच्या पोटात पिंपं नीट रचून ठेवायचे, त्या रचण्याला हा शब्द होता. पुढं माल शोधायला माणसं जहाजावर चढायची, ती रचलेली पिंपं उलटीपालटी करायची. रचणाऱ्यांचा शब्द उसकटणाऱ्यांच्या हाती गेला, तो कायमचा."

"सर, परीक्षेला येणार का?" मुलं विचारत.

"नाही रे बाबा," म्हणून सर ओशाळून फळा पुसायला लागत.

घरात रचायचं काम त्यांच्या पत्नीचं, दाक्षायणीबाईंचं. शेंगाचटणीची बरणी असो की सुईदोरा, अंधारातही त्यांचा हात नेमका तिथंच जाई. म्हातारपणी त्यांची आठवण गेली आणि घराची घडीच मोडली. कधी लाटणं उशाखाली सापडे, कधी चष्मा डाळीच्या डब्यात. अंघोळीला, जेवूखाऊ घालायला जगदेवी यायला लागली. विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वस्तीत राहणारी, बोलायला फटकळ, हाताला मऊ. बाईंना ती अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. पुढं पुढं दाक्षायणीबाई दुसऱ्या कुणाच्या हातचा घासच घेईनात.

अशात एके सकाळी जगदेवीनं अंघोळ घालताना सांगितलं, "सर, अव्वाच्या गळ्यात लिंग न्हाय."

डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं होतं. लिंगायत माणसाला माती देताना बसवून देतात, आणि त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. दाक्षायणीबाईंचं लिंग त्यांच्या आजोळच्या स्वामींनी त्या तान्ह्या असताना बांधलेलं. ऐन वेळी स्वामी दुसरं देतील, असं चारजण म्हणाले. सरांना ते पटेना. जन्मभर जे छातीशी वागवलं त्याच्यावाचून बाई एकटी जाणार, हा विचार त्यांना सोसेना.

पुण्याहून मुलगी सुकन्या आली. तिनं दोन दिवस घर पालथं घातलं. गाद्या उसवल्या, ज्वारीचं पोतं परातीत ओतून पाहिलं. मग ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "आप्पा, लिंगाची डबी चांदीची होती. घरात बाहेरचं माणूस एकच येतं."

"असं नको म्हणू," सर म्हणाले. पण इतकं हळू, की ते नाही म्हणताहेत की हो म्हणताहेत, कळू नये.

दोघं जगदेवीच्या घरी गेली. सुकन्यानं विषय काढताच जगदेवीनं एकदा सरांकडं पाहिलं. सर पायातल्या चपलांकडं बघत राहिले.

"बगा की," ती म्हणाली. "एकच तर खोली हाय. तुमी दमाल, मीच काडते."

तिनं ट्रंक ओढून उपडी केली. लुगडी, लग्नातला फोटो, मेलेल्या नवऱ्याचा सदरा, पोरीची बाळलेणी. पिठाचा डबाही पालथा केला. शेजारणी दारात जमल्या. सुकन्या एकेक वस्तू हातात घेऊन ठेवत होती. लिंग काही निघालं नाही.

"झालं?" जगदेवी म्हणाली. "आता माजा पदर बी झाडा."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दाक्षायणीबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. सुकन्या चमचा पुढं करी, त्या मान फिरवत.

तिसऱ्या सकाळी काही सुचेना म्हणून सर देवापुढं बसले. बाईंच्या आजारपणात त्यांची पूजा कधीच सुटली होती. गळ्यातल्या डबीला नुसता हात लावायचा, एवढंच उरलेलं. त्यांनी डबी उघडली. आत हिरव्या खणाचा तुकडा होता. सरांच्या लिंगाखाली कापूस असे, खण दाक्षायणीबाईंच्या. दोन्ही डब्या लग्नात एकाच सोनारानं घडवलेल्या, बाहेरून एकसारख्या. अंगावेगळं करू नये असा नेम, पण सर अंघोळीला जाताना डबी खुंटीला लावत. केव्हातरी बाईंनी ती काढून तिथं आपली अडकवली असणार. जगदेवीच्या दारात ते मान खाली घालून उभे होते, तेव्हाही हे लिंग त्यांच्याच सदऱ्याआड होतं.

ते तडक विडी घरकुलात गेले. जगदेवीचं सामान अजून जमिनीवरच पडलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"सापडलं. माझ्याच गळ्यात होतं."

"बरं झालं."

"चुकलं माझं. येतेस का? ती काही खात नाही गं."

जगदेवीनं नवऱ्याचा सदरा उचलून मांडीवर घेतला. "न्हाय सर. उद्या चमचा घावला न्हाय तरी तुमी माज्याकडं बगणार. तुमी न्हाय बगितलं तरी मला वाटणार, बगितलं." मग सुरात बदल न करता म्हणाली, "भाकरी दुदात लई येळ भिजवा. आनि म्हना, कावळा आलाय बगा, घास नेईल. मग आ करत्यात."

सरांनी भाकरी भिजवली. घास हातात धरून ते बसले. "कावळा आलाय बघा," ते पुटपुटले, मग पुन्हा थोडं मोठ्यानं. दाक्षायणीबाईंनी त्यांच्याकडं परक्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

चार दिवसांनी त्या गेल्या. स्वामींनी त्यांचं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. बायकांच्या मागं जगदेवी उभी होती. पदरानं डोळे पुसून, कुणाशी न बोलता निघून गेली.

घरी आल्यावर सुकन्याच्या ध्यानात आलं. "आप्पा, तुमचा गळा मोकळा. तुमचं लिंग मग आईनं कुठं ठेवलं?" ती कपाटाकडं वळली.

"हात लावू नकोस," सर म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते घरात कधी बोलले नव्हते.

"पण तुमचं..."

"राहू दे जिथं आहे तिथं. ह्या घरात आता कुणी काही शोधायचं नाही."