मागच्या खुर्चीतली हिरवी साडी

माझा धंदा साड्यांचा. साड्या विकणारी बाई भुताखेतांना मानायला लागली, तर तिने दुकानाला कुलूपच लावावं! अमावस्येला नवीन माल काढू नये, शनिवारी काळी साडी दाखवू नये, असलं मी आयुष्यात काही पाळलं नाही. पितृपक्षात बाकीच्या जणी बंद ठेवायच्या तेव्हा मी मुद्दाम मोबाईलवर लाईव्ह करून साड्या विकायचे… या ग्रुपवर कुणी अनुभव टाकला की खाली हसणारी इमोजी पहिली माझी असायची. आज माझ्या पोस्टखाली तुम्ही टाका. मला राग येणार नाही.

आम्ही सुकापूरला राहतो, स्टेशनपासून रिक्षाने या तर मेन रोडला उतरून आतल्या गल्लीत. मी, माझे मिस्टर, धाकटे दीर, त्यांची बायको पल्लवी आणि सासू-सासरे, सगळे एकाच फ्लॅटमध्ये. सासूबाई उरणकडच्या कोळ्यांच्या. लग्नानंतर एवढी वर्षं पनवेलात काढली, पण बोलणं अजून खाडीकाठचंच. पल्लवीला माहेर असं नव्हतंच. आई-वडील लहानपणी गेले, वाढवणारी मावशीही नंतर गेली. दिवाळीला सासूबाई तिच्या हातात साडी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही तुज्या म्हायेरची गो." ती दर वेळी रडायची आणि मी दर वेळी तिला चिडवायचे की मला नुसतीच सासरची, तुला बरं दोन्हीकडचं!

आमचा लाईव्ह दुपारी असायचा. जेवणं आटपून बायका जरा आडव्या होतात आणि हातात मोबाईल असतो, तीच आमच्या धंद्याची वेळ. हॉलमध्ये भिंतीला पडदा, रिंगलाईट, स्टँडला फोन. साडी खांद्यावर टाकायची, पदर फिरवून दाखवायचा, कोड सांगायचा, "स्क्रीनशॉट काढा आणि पटकन व्हॉट्सअ‍ॅप करा" म्हणायचं. सेल्फी कॅमेऱ्यात कोडचा आकडा उलटा दिसतो, म्हणून आम्ही फोनचा मागचा कॅमेरा वापरतो. त्यामुळे मला स्वतःला स्क्रीन दिसत नाही. पल्लवी फोनच्या पलीकडे मोड्यावर बसायची आणि दुसऱ्या मोबाईलवर लाईव्ह लावून मला कॉमेंट वाचून दाखवायची. गिऱ्हाईक मला कायम तिच्याच आवाजात भेटलं.

माझ्या मागे, पडद्याच्या कडेला, सासूबाईंची वेताची खुर्ची असते. ती हलवलेली त्यांना चालत नाही, म्हणून लाईव्हमध्येही ती अर्धी दिसते.

त्या दिवशी मी पैठणी दाखवत होते. पल्लवीने वाचलं, "मागे बसलेल्या बाईंनी नेसलीय ती हिरवी कितीला?"

मला वाटलं सासूबाई येऊन बसल्या. वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. सासूबाई आत घोरत होत्या, आवाज हॉलपर्यंत येत होता. मी हसून म्हटलं, "ताई, दुसरा कुठला लाईव्ह उघडा आहे का तुमचा?" पण मग दुसरीने विचारलं. मग तिसरीने… हिरवी, पिवळे काठ, डोक्यावरून पदर, चेहरा दिसत नाही. पल्लवी दोन्ही स्क्रीनकडे आळीपाळीने बघत होती. तिला खुर्ची रिकामीच दिसत होती.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. "हीच हवी." मी झूम करून बघितलं, नुसती खुर्ची. तसं लिहिलं, तर तिचा उलट मेसेज, "अहो बसल्यात की समोर! द्यायची नसेल तर तसं सांगा."

मी ते ट्रोलिंगमध्ये टाकून दिलं. आमच्या धंद्यात एकमेकींचे लाईव्ह पाडायला बायका काय काय करतात, ते सांगायला बसले तर ही पोस्ट पुरायची नाही.

पुढच्या लाईव्हला वेगळीच नावं, कॉमेंट त्याच. एकीने विचारलं, "त्या ताईंच्या पदराला गाठ कसली?" आणि दुसरीने, "पदराखाली कपाळ तेवढं दिसतंय, मळवट का भरलाय त्यांचा? कार्यक्रम आहे का घरी?"

पल्लवीने हे वाचलं तेव्हा सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. लाईव्ह संपवून आम्ही दोघी गेलो, तर त्या पलंगावर ट्रंक उघडून बसलेल्या. मांडीवर हिरवी साडी, पिवळे काठ, पदराच्या टोकाला गाठ.

"माज्या भावान दिलेली," त्या म्हणाल्या. "गाठीन सुपारी हाय, हलद-कुकू हाय. तो जायच्या आदी देऊन गेला. माजा टाइम येल तवा म्हायेरची साडी कोन आनेल? म्हनून ठेवलीय. कोनाला दावली नाय मी कदी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात, आणि ती साडी तिच्या माहेराहून यावी लागते. सासूबाईंनी स्वतःची आधीच जपून ठेवली होती आणि आम्हाला घरात कुणाला पत्ता नव्हता. लाईव्ह बघणाऱ्या बायकांना मात्र गाठीसकट ठाऊक!

पल्लवी रडायला लागली. सासूबाईच उलट आम्हाला समजवायला लागल्या. "सासरा जिता हाय तुमचा, त्याच्या आदी गेली तं सोनाच झाला माजा. रडताव कनाला?" पण पल्लवीने त्यांचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने सासूबाईंच्या मागे डॉक्टरांचा ससेमिरा लावला. ईसीजी, टू-डी इको, रक्त, लघवी. रिक्षात बसवून तीच न्यायची, तीच रांगेत उभी राहायची. रात्री त्यांच्या पलंगाशेजारी खाली झोपायची. सगळे रिपोर्ट चांगले आले तरी तिचं समाधान होईना. मध्येमध्ये म्हणायची, "वहिनी, डोकं ठणकतंय हो." मी म्हणायचे, "दिवसभर मोबाईलमध्ये डोळे घातल्यावर दुसरं काय होणार? बाम लाव." ती बाम लावायची आणि पुन्हा कामाला लागायची.

मी लाईव्ह बंद केला होता. सासूबाईंनीच चालू करायला लावला. "मीच बसतंय खुर्चीन," त्या म्हणाल्या. "मी बसल्यावर कशी बसते ती, बगू दे."

त्या खरंच बसल्या. चॉकलेटी साडीत, हातात जपमाळ घेऊन, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून. मला तेवढ्यातही हसू आलं. कॉमेंट चांगल्या येत होत्या. "आजी गोड आहेत," "आजींना नमस्कार." पल्लवी मजेत वाचत होती. मग ती मध्येच थांबली.

"वाच की गं," मी म्हटलं.

"काही नाही… कॉटनमध्ये दाखवा म्हणतायत," ती म्हणाली. त्यानंतरच्या सगळ्या कॉमेंट तिने नीट वाचल्या. लाईव्ह संपला. तिने पसरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या, सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि चहा टाकायला आत गेली. मला भांडं पडल्याचा आवाज आला.

मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती हो…

घरी आणल्यावर आजूबाजूच्या बायका जमल्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "माहेरची साडी कुणी आणलीय?" दीर भिंतीला टेकून बसले होते, त्यांना तर प्रश्नच कळला नाही. सासूबाई उठल्या. आतून ट्रंकेच्या कडीचा आवाज आला आणि मला कळलं. मी "आई, ती नको" म्हणेपर्यंत त्या साडी घेऊन बाहेर आल्या होत्या.

"मीच तिचा म्हायेर," त्या म्हणाल्या.

साडी नेसवली. डोक्यावरून पदर घेतला, मळवट भरला. पदराची गाठ छातीवर आली. मी तिथे थांबू शकले नाही.

बऱ्याच दिवसांनी मी शेवटच्या लाईव्हचं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात हिरवं काही दिसत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सासूबाई एकट्या खुर्चीत आहेत. पण खाली कॉमेंट तशाच आहेत. पल्लवी जिथे थांबली तिथली मी वाचली. "आजी बसल्यात, पण त्या हिरव्या साडीतल्या ताई उठून सरळ पुढे आल्या. आता दिसत नाहीत. फोनच्या मागे गेल्या का?"

फोनच्या मागे पल्लवी बसली होती.

मग मी जुन्याही सगळ्या कॉमेंट वाचून काढल्या. बाई, ताई, एकीने वहिनी म्हटलंय. हिरव्या साडीतल्या बाईला आजी असं एकीनेही म्हटलेलं नाही. चेहरा झाकलेला होता तरी त्यांना वय दिसत असणार. म्हातारी आम्ही ठरवली. साडी सासूबाईंची निघाली आणि आमचं सगळं लक्ष त्यांच्याकडे लागलं. जिचं डोकं दुखत होतं तिला कुणी साधं डॉक्टरकडे नेलं नाही. मी तर नाहीच.

इतक्या बायकांना एकच गोष्ट दिसली आणि आम्हाला दिसली नाही, हे कसं, ते मला आजही सांगता येत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना मी मेसेज केले. त्या माझ्यावरच चिडल्या, "बसल्या होत्या त्या, खोटं कशाला बोलू?" दिरांच्या एका इंजिनीअर मित्राने नेटवर्क, फिल्टर, कॅशे असं बरंच सांगितलं. पदरातल्या गाठीचं विचारल्यावर तो चहा संपवून उठला. रिकामी ट्रंक सासूबाई अजून रोज पुसतात.

लाईव्ह मी पुन्हा चालू केलाय, घर चालवायचं तर करावाच लागतो. मोडा तिथेच आहे. त्यावर आता कुणी बसत नाही, कॉमेंट मी मध्येमध्ये पुढे जाऊन स्वतःच वाचते. रंग विचारतात, ब्लाऊज पीस आहे का विचारतात, डिलिव्हरी कधी विचारतात. मागच्या खुर्चीबद्दल कुणी काही विचारत नाही. आणि मी दर वेळी, साडी खांद्यावर घेऊन, कुणीतरी विचारावं म्हणून थांबते.