मनगटाचं माप

जे. पी. नगरमधल्या त्या गॅरेजवाल्यांना मी नुसतं अण्णा म्हणतो. नाव कधी विचारलंच नाही. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. अण्णांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळतं.

इंजिनाच्या हेडचे चार नट ते एका दमात कधीच आवळत नसत. आधी एक, मग त्याच्या तिरकस समोरचा, मग उरलेले दोन. अशा तीन फेऱ्या, आणि प्रत्येक वेळी तोंडाने "स्वल्प, स्वल्प." मी एकदा पुण्याहून मापाचा पाना आणला होता, ठरलेला जोर लागला की कट् वाजणारा. त्यांनी तो वेष्टनासकट खिळ्याला टांगला. म्हणाले, "मनगटाला कळतं की."

गेल्या महिन्यात त्यांच्या हातून एक नट जास्त आवळला गेला आणि आतले आटे गेले. अण्णांनी ते भोक बोटाने चाचपलं. "हात बधिर होतोय," एवढंच बोलले.

नवे आटे पाडून झाल्यावर, काल, त्यांनी स्वतःच तो पाना खाली काढला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच आवळा. क्रम मी सांगतो."

शेवटच्या नटाला त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. कट् वाजलं.

"कळलं का काही?" मी विचारलं.

"नाही. सरी, ठीक आहे," म्हणाले, आणि फडक्याला हात पुसत राहिले. हाताला काही लागलेलंच नव्हतं.