एक ठोका, दोन ठोके

ज्यांची ही हकीकत आहे त्यांना छापखान्यात सगळे ठोकेदादा म्हणत. हे नाव मुळात कुचेष्टेने पडलेले. पुढे त्याला आदर चिकटला, आणि अखेरीस तर कोणी खऱ्या नावाने हाक मारली की आपल्या मागे दुसरेच कोणी उभे असावे, असे त्यांना क्षणभर वाटे. छापखाना लहानसा होता. कथा-कादंबऱ्या तिथे छापल्या जात नसत; छापल्या जात त्या उपयोगाच्या पुस्तिका. पंप कसा उघडावा, तारा कशा जोडाव्यात, आणि सर्वांत मानाची म्हणजे परिचारिकांसाठी काढलेली औषधांच्या मात्रांची पुस्तिका. जिथे डॉक्टर वेळेवर पोचत नाही अशा ठिकाणची परिचारिका ती उघडते, मुलाच्या वयाची रांग आणि वजनाची रांग बोटाने जुळवते, आणि बोटाखाली जो आकडा येतो तेवढे औषध त्या मुलाच्या तोंडात घालते. तिला शंका घ्यायला उसंत नसते. तिच्या वतीने शंका घेण्याचे काम गेली सव्वीस वर्षे ठोकेदादांकडे होते.

त्या कामाची रीत जुनी होती. दोघांनी मेजाच्या दोन बाजूंना बसायचे. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, आकडे, स्वल्पविराम, कंस, सगळे उच्चारून. दुसऱ्याने छापलेले कच्चे पान डोळ्यांखाली धरायचे. ओळ जुळली की त्याने पेन्सिलीच्या बुडाने मेजावर एक ठोका द्यायचा. जुळली नाही तर दोन. दोन ठोके पडले की वाचणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचे, विचारायचे, "तिथं काय आहे?" आणि ती ओळ दोघांनी निवांत पाहिल्याखेरीज पुढे एक अक्षर सरकायचे नाही. तपासणाऱ्याने एरवी बोलायचे नाही, कारण बोलण्याने लय तुटते, आणि लय तुटली की डोळा ओळ गाळतो.

वाचायला समोर एक बाई असत. छापखान्यात त्यांना वाचकबाई म्हणत. ठोकेदादा नुसते बाई म्हणत. त्यांचा आवाज गोड नव्हता, पण खणखणीत होता, आणि शून्य हा शब्द त्या इतका स्वच्छ उच्चारीत की तो कानाला गोल ऐकू येई. "दादांनी एकदा वाजवलं म्हणजे ब्रह्मदेवाची सही," असे खिळे जुळवणारे जुळारी म्हणत, आणि दोनदा वाजले की, "गेलं! आज जेवण उशिरा."

तीन वर्षांपूर्वी छापखान्याने मागच्या खोल्या सोडल्या. यंत्रे तेवढी राहिली. माणसांनी घरून काम करावे असे ठरले. व्यवस्थापक मनाने वाईट नव्हते. दोघांना बोलावून त्यांनी सांगितले, "पडद्यावर पान दोघांनाही एकदम दिसेल. कोपऱ्यात तुमचे चेहरे दिसतील. अगदी समोरासमोर बसल्यासारखं."

"चेहरे कशाला?" बाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं बघतेय की. त्यात आता काय सुधारणा होणार आहे?"

तरी करून पाहिले. पान दिसले, चेहरे दिसले, आवाज आला. ठोका मात्र आला नाही. ठोकेदादा मेज बडवून थकले. पलीकडून बाई विचारीत, "दादा, आहात ना? का डुलकी लागली?" मग व्यवस्थापकांनी चौकशी करून उलगडा केला: ते यंत्र माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवते, बाकीच्याला गोंगाट समजून गाळून टाकते. ठोकेदादांची तेवीस वर्षांची विद्या त्याच्या लेखी गोंगाट होती. चमच्याने कप वाजवून झाला, डब्याचे झाकण वाजवून झाले. शेवटी बाईच म्हणाल्या, "माझ्याकडं तारेचा जुना फोन आहे, भिंतीतला. तुमच्याकडं?" ठोकेदादांकडे होता. त्या बापड्या फोनला भेदभाव ठाऊक नव्हता. जे कानी पडेल ते तो पलीकडे नेई. पान संगणकावर यायचे, फोनचा ध्वनिवर्धक चालू करून तो मेजावर ठेवायचा, आणि दहा वाजता वाचन सुरू करायचे. दहा ते बारा या वेळात ठोकेदादांची मुलगी, जी शेजारच्या खोलीत कपडे शिवून देत असे, आपले शिवणयंत्र बंद ठेवून काजेबटणे करी.

अशी दोन वर्षे गेली, आणि ती सुखाची होती. बाईंच्या घरातले घड्याळ, त्यांच्या सासूबाईंचा खोकला, दाराची कडी हे सारे ठोकेदादांना ओळखीचे झाले. एकाच मेजाच्या दोन बाजू शहराच्या दोन टोकांना नेऊन ठेवाव्यात आणि मधले लाकूड तेवढे अदृश्य व्हावे, तसे ते होते.

मग ठोकेदादांच्या डोळ्यांतले मधले गेले.

दुसऱ्या शब्दांत हे सांगता येत नाही. कडेचे सगळे दिसे: खिडकीची चौकट, मेजाची कड, दारातून जाणाऱ्या मुलीचा पदर. पण ज्याच्याकडे बघावे नेमके त्याच्यावर एक करडा डाग बसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "कडेचं राहील. मधलं परत येणार नाही. वाचन कमी करा." ठोकेदादांनी मान डोलावली आणि घरी येऊन चष्म्याचा नंबर वाढल्याचे सांगितले. पडद्यावरची अक्षरे त्यांनी दुप्पट केली, मग चौपट; मग एका वेळी एकच आकडा मावू लागला, आणि तो सापडेपर्यंत बाई तीन ओळी पुढे गेलेल्या असत.

खोटेपणा एका दिवसात येत नाही. तो आधी सोयीच्या रूपाने येतो. पुस्तिकेच्या पाच आवृत्त्या ठोकेदादांच्या हातून गेल्या होत्या. तक्ते त्यांना पाठ होते. बाईंनी वाचलेले स्मरणाशी जुळले की ते एक ठोका देत. सहाव्या आवृत्तीत काही मात्रा बदलल्या होत्या. तिथे न जुळले तर, नवे असेल, असे म्हणून ते एकच ठोका देत. पान समोर असे, पण ते पानाशी काही ताडून पाहत नसत. समोरासमोर बसले असते तर बाईंनी दुसऱ्या मिनिटाला ओळखले असते. फोनला डोळे नव्हते, आणि त्या अंधाराच्या आडोशाला ठोकेदादा पाच आठवडे बसून राहिले.

एका बुधवारी सत्तेचाळिसावे पान चालू होते. तान्ह्या मुलांचे झटके थांबवण्याच्या औषधाचा तक्ता. बाई वाचीत होत्या, "वय सहा महिने, स्वल्पविराम, वजन सात किलो, स्वल्पविराम, मात्रा पाच मिलिलिटर, पूर्णविराम."

ठोकेदादांची पेन्सिल हवेत थांबली. त्या ओळीत शून्य दशांश पाच असते, हे त्यांना स्वतःच्या जन्मतारखेइतके पक्के ठाऊक होते. पाच म्हणजे दहापट. दहापट औषधाने झटके थांबतात, आणि श्वासही. कदाचित औषध आता पातळ मिळत असेल. कदाचित बाईंची जीभ घसरली असेल. कदाचित पानावर खरेच पाच छापले असेल. त्यांनी पडद्याकडे पाहिले. तिथे करडा डाग होता. मान तिरपी केली. डागही तिरपा झाला. दोन ठोके दिले तर बाई विचारणार, "तिथं काय आहे?" आणि त्या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

पलीकडे घड्याळ टिकटिकत होते. बाई पुढे वाचीत नव्हत्या.

ठोकेदादांनी एक ठोका दिला.

मग बाईंनी तो तक्ता पुरा वाचला, त्याच खणखणीत आवाजात, आणि म्हणाल्या, "आज इथंच थांबू, दादा. सासूबाईंना बरं नाही." त्या दिवशी सासूबाई एकदाही खोकल्या नव्हत्या.

मुलगी उठून शिवणयंत्र सुरू करणार, तोच वडिलांनी तिला हाक मारली. पडद्याजवळ उभी करून ते म्हणाले, "सत्तेचाळिसावं पान. सहा महिने, सात किलो. पुढं काय लिहिलंय, वाच."

"तुम्हीच वाचा की. अक्षरं तर विटेएवढी केलीयत."

"वाच म्हणतो ना!"

तिने वडिलांकडे पाहिले. चहा हल्ली बशीत का सांडतो, जिन्यावर भिंत धरून का उतरतात, सुई ओवून मागितली तर का चिडतात, हे सारे बहुधा त्या एका क्षणात तिच्या ध्यानी आले. ती हळू आवाजात म्हणाली, "शून्य दशांश पाच मिलिलिटर."

पान बरोबर होते. कोणा मुलाचे काही वाकडे होणार नव्हते. घडले ते घडलेच नाही असे म्हणून उद्या दहा वाजता पुन्हा बसता आले असते. ठोकेदादा पुष्कळ वेळ पेन्सिल बोटांत फिरवीत बसले. मग त्यांनी अंकांच्या जागा चाचपून फोन लावला.

"बाई, सत्तेचाळिसाव्या पानावर तुम्ही चुकीचं वाचलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "मुद्दाम."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तेविसाव्या पानापासून. तिथं छापताना एक ओळच गळली होती. तुम्ही ती गळालेली ओळसुद्धा वाजवलीत, दादा. मला वाटलं, असतो एखादा दिवस. मग तिसाव्या पानावर पुन्हा तेच."

"आणि ती पानं?"

"मी दुपारी पुन्हा बघते. मूळ एका बाजूला, छापील एका बाजूला. पहिल्या पानापासून बघितली. गाळलेलं भरलंय. काळजी करू नका."

म्हणजे त्यांचे पाच आठवड्यांचे काम ती बाई सासूबाईंचे औषधपाणी सांभाळून एकटी करीत होती. ठोकेदादांचा आवाज चढला, आणि तो चढू नये असे त्यांना चढतानाच वाटत होते. "मग बोलला का नाहीत? मला असं माकडासारखं वाजवत बसवलंत!"

"काय बोलू? तुमच्याच तोंडून यावं म्हणून थांबले. आज पाच म्हटलं, कारण ते तुम्हाला पाठ आहे. मला वाटलं, पान दिसो न दिसो, दादा इथं तरी दोनदा वाजवतील. मी वाट बघितली. चांगला बराच वेळ बघितली."

डोळे गेले यात ठोकेदादांचा अपराध नव्हता, हे त्यांना कळत होते; पण हात शाबूत होता, कान शाबूत होते, स्मरण शाबूत होते, आणि तरीही तो ठोका एकच पडला होता.

दुपारी त्यांनी व्यवस्थापकांना स्वतः सांगितले. व्यवस्थापक ओशाळल्यासारखे झाले; जणू ठोकेदादांनी त्यांच्याकडेच काही कबुली मागितली होती. "अहो, वयाप्रमाणं चालायचंच. उरलेली पानं बाई आणि दुसरं कोणीतरी बघतील. तुम्ही आता आराम करा, दादा." फोन ठेवताना त्यांनी घाईने पुस्ती जोडली, "नाव मात्र तुमचंच राहील हं. पाच आवृत्त्यांवर आहे, सहावीवरही राहील."

पुस्तिकेचे पहिले पान सर्वांत शेवटी वाचायचे, अशी छापखान्याची रीत. बारा दिवसांनी, सोमवारी, दहा वाजता फोन वाजला. "पहिलं पान राहिलंय," बाई म्हणाल्या. "ते दुसऱ्या कोणाबरोबर वाचायचं नाही मला. बसा."

ठोकेदादा मेजाशी बसले. पडदा त्यांनी लावलाच नाही. शेजारची काजेबटणे सुरू झाली. बाईंनी पुस्तिकेचे नाव वाचले, आवृत्तीचा अंक वाचला, संपादक डॉक्टरांची नावे वाचली. ते पान ठोकेदादांनी मुलीकडून आधीच वाचून घेतले होते; त्याच्याशी ताडून त्यांनी प्रत्येक ओळीला एकेक ठोका दिला. मग बाईंचा आवाज किंचित सावध झाला. "मुद्रितशोधन, अपूर्णविराम," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ठोकेदादांचे नाव वाचले. सव्वीस वर्षांत पानाबाहेर त्यांनी ते कधी उच्चारले नव्हते.

दोन ठोके पडले.

बाई थांबल्या. थांबणे भाग होते. "तिथं काय आहे, दादा?"

"तिथं जे छापलंय, ते खरं नाही."

"असं कसं म्हणता? अर्धं आयुष्य..."

पुन्हा दोन ठोके पडले, पहिल्याहून मोठे. दोन ठोके पडल्यावर एक अक्षर पुढे सरकायचे नाही, ही रीत दोघांनी मिळूनच पाळली होती. पलीकडे बाईंच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत राहिला. मग कागदावर पेन ओढल्याचा कर्र आवाज आला.

"मुद्रितशोधन, अपूर्णविराम," बाईंनी पुन्हा वाचले, आणि त्यापुढे फक्त स्वतःचे नाव वाचले. तेही स्वच्छ वाचले.

ठोकेदादांनी एक ठोका दिला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मुलीने सवयीने शिवणयंत्र थांबवले आणि काजेबटणांना घेतले. ठोकेदादा मेजाशीच बसलेले होते. पेन्सिल समोर आडवी पडली होती. बऱ्याच वेळाने ते तिला म्हणाले, "चालू कर ते. कोणी वाचत नाहीये."